मलिक अंबरचा चेहरा: कवटीवरून की चित्रावरून?

खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबर या निजामशाहीच्या हबशी (आफ्रिकी वंशाच्या) वजिराचा चेहरा संगणकावर उभा करायचा तर दोन वाटा आहेत.

पहिली कवटीची. कवटी स्कॅन करायची, ठिकठिकाणच्या मांसाच्या सरासरी जाडीनुसार चेहरा भरत न्यायचा. इंग्लंडमधल्या लेस्टरला 2012 मध्ये ज्याचा सांगाडा सापडला, त्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा चेहरा असाच घडवला. हाडांची ठेवण त्यातून भरवशाने कळते. ओठ, कान, नाकाचा शेंडा मात्र बराचसा अंदाज. रंग तर कवटी सांगतच नाही. रिचर्डचे डोळे बहुधा निळे होते, हे 2014 मध्ये डीएनएवरून कळलं. आणि अंबरसाठी खुलताबादची कबर उकरावी लागेल. ते मला मुळीच मान्य नाही.

दुसरी वाट चित्राची. अंबर 1626 मध्ये वारला; त्याच्या हयातीतली चित्रं मिळतात. पण ती बाजूने काढलेली, त्यामुळे समोरचा चेहरा एआय स्वतःच्या मनाने भरतो. शिवाय जहांगीरच्या दरबारी चित्रकाराने अंबरचं मुंडकं भाल्यावर टांगलेलं दाखवलंय, जे प्रत्यक्षात कधी घडलंच नाही! शत्रूच्या नजरेतून काढलेलं चित्र जपूनच वापरावं.

मोठा धोका रंगाचा. 2020 मध्ये एका प्रणालीने बराक ओबामांचा धूसर फोटो स्पष्ट करताना चक्क गोरा माणूस काढला. आपला हबशी वजीर असा उजळलेला मला नको.

तरीही मी चित्राचीच वाट निवडेन. फक्त मूळ चित्र शेजारी छापावं आणि अंदाजाने भरलेला भाग वेगळ्या छटेत दाखवावा.