आयपॅडवरचे सिंथ अ‍ॅप: मींड कुठे निघते आणि कुठे नाही

आयपॅडवर सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आवाज कृत्रिमरीत्या घडवणारं वाद्य) घ्यायचा तर कुठला घेऊ असं हल्ली बरेच जण विचारतात, आणि यूट्यूबवर बघायला गेलं तर सगळे रिव्ह्यू टेक्नो करणाऱ्यांचे नाहीतर सिनेमाचं पार्श्वसंगीत करणाऱ्यांचे, त्यात आपल्या कामाचं फार थोडं सापडतं. मी पेटी शिकवते आणि भावगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्डवर बसते, त्यामुळे मला बघायचं होतं ते एवढंच की काचेवर बोट ठेवून सूर आपल्यासारखा लागतो का. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघते का, कोमल गंधार झुलवता येतो का, तानपुरा चालू असताना तो सूर त्यात मिसळतो का. आवाज भारी आहे का वगैरे नंतर, कारण आवाज आता जवळजवळ सगळ्याच अ‍ॅपचे भारी आहेत.

पेटीवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ नंतर कुठे सैल झाली, आणि तेव्हाच्या आक्षेपांत दोन मोठे होते, एक म्हणजे पेटीत मींड-गमक (गमक म्हणजे सुराला दिलेला हेलकावा) निघत नाही आणि दुसरा म्हणजे तिचे सूर समान अंतरावर बांधलेले. दुसरा आक्षेप पटत नसेल तर तानपुरा लावून शुद्ध गंधार दाबून बघा, तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो त्यापेक्षा कीबोर्डचा गंधार साधारण १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि एकदा का हे कानाला कळलं की मग ते सोडत नाही. कीबोर्डला सूर वरखाली सरकवणारं पिचबेंडचं चाक असतं हे खरं, पण ते फिरवलं की दाबलेले सगळेच सूर एकदम सरकतात आणि डावा हात त्यातच अडकून पडतो.

सुरुवात मिनीमूग मॉडेल डी या अ‍ॅपपासून करते कारण बहुतेकांच्या टॅबलेटवर ते आधीपासून आहे, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन सुरू झाला तेव्हा मूग कंपनीने ते काही काळ फुकट दिलं होतं आणि तेव्हा खूप जणांनी उतरवून घेतलं. हे अ‍ॅप ज्या सिंथची नक्कल आहे ते मूळ यंत्र १९७० चं, तीन ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारे भाग) आणि तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा), आणि २०२२ मध्ये कंपनीने खरं यंत्र पुन्हा बनवायला घेतलं तर किंमत जवळपास पाच हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडचे चार लाख धरा. अ‍ॅप त्याच्या तुलनेत नगण्य पैशांत तो जाड, उबदार बेस देतं. खरोखर देतं, चांगल्या स्पीकरवर लावून बघा. मूळ यंत्रात एका वेळी एकच सूर वाजायचा, अ‍ॅपमध्ये चार वाजतात. पण मींडेचं काय? त्यात ग्लाइडचं बटण आहे, ते वाढवलं की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि पहिल्यांदा ऐकताना वाटतं झालं की काम. नाही होत. कारण ग्लाइडचा वेग बटणावर ठरलेला असतो आणि आपली मींड कधीच एका वेगाने जात नाही, ती मध्ये रेंगाळते, पुढच्या सुराला नुसती शिवून मागे येते, पोचायच्या आधी श्वासभर थांबते, हे सगळं हातातून यावं लागतं आणि मॉडेल डीची पडद्यावरची पट्टी तेवढं ऐकत नाही. बेससाठी ठेवा, अप्रतिम आहे, सुरावटीसाठी नको.

त्याच कंपनीचं अ‍ॅनिमूग झेड मात्र वेगळ्याच विचाराने केलेलं आहे. पहिलं अ‍ॅनिमूग २०११ मध्ये आलं, आयपॅड बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि जुन्या यंत्राचं चित्र काचेवर चिकटवण्यापेक्षा काचेला काय जमतं ते बघून त्यांनी वाद्य बनवलं. झेड ही त्याची पुढची आवृत्ती, २०२१ ची. यातल्या पट्ट्या उभ्या लांबलचक आहेत, बोट ठेवून आडवं सरकवलं की सूर सरकतो आणि वरखाली केलं की आवाजाचा पोत बदलतो, आणि हे प्रत्येक बोटाचं स्वतंत्र. ही वरखाली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली कारण आयपॅडच्या काचेला बोट किती जोरात पडलं ते नीट कळत नाही, म्हणजे पेटीवर भात्याने जे काम आपण करतो, सूर फुगवणं, विझवत नेणं, त्याला इथे जागाच नव्हती, ती या उभ्या हालचालीत मिळाली. मी एक साधा पॅच, म्हणजे तयार आवाज, घेतला, फिल्टर उभ्या हालचालीला जोडला, आणि बोट खालून वर नेत एक लांब षड्ज धरला. मस्त फुलला. डाव्या हाताने काही करावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे यात स्केल निवडता येतं आणि मग त्या स्केलबाहेरच्या पट्ट्या दिसतच नाहीत. भूप वाजवायचा तर पाचच सुरांच्या पट्ट्या समोर, मध्यम-निषाद गायब. लहान मुलांना शिकवायला हे इतकं छान आहे की काय सांगू, माझ्या क्लासमधल्या एका चिमुरडीने, जिला पेटीवर अजून सलग सरगमही येत नाही, तिने भूपाच्या पट्ट्यांवर स्वतःची सुरावट बांधली आणि सगळ्यांना ऐकवत बसली. फक्त मोठ्यांनी जपून वापरा, कारण गाळलेल्या पट्ट्यांमुळे ग आणि प शेजारी येतात आणि मधलं अंतर हाताला कळेनासं होतं, परत पेटीवर बसलं की बोटं गोंधळतात. मूळ षड्जही बदलता येतो, काळी एक, पांढरी चार, जे गायकाला लागेल ते. अ‍ॅप उतरवायला फुकट, पूर्ण उघडायला पैसे, त्यामुळे आधी हात लावून बघायला हरकत नाही.

आता जिओश्रेड. हे ज्या दिवशी नीट लागलं त्या दिवशी मी रात्रीचं जेवण विसरले. जॉर्डन रुडेस या कीबोर्डवादकाच्या विझडम म्युझिकने मोफोर्टे कंपनीबरोबर केलेलं अ‍ॅप आहे, तार छेडली की ती कशी कंप पावते याचं गणित आतल्या आत चालवून आवाज तयार होतो, रेकॉर्ड केलेले नमुने नाहीत. पडद्यावर पियानोच्या पट्ट्या नाहीतच, गिटारच्या मानेसारखी चौकटींची जाळी आहे, ओळीओळीत चौथ्या सुराचं, म्हणजे सा ते म एवढं, अंतर. पेटीवाल्याला पहिले काही दिवस त्रास होतो, सा कुठे आणि प कुठे शोधत बसावं लागतं, पण एका ओळीवर बोट आडवं ओढलं की लक्षात येतं की अरे, ही तर तार आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची सोय म्हणजे पिच राउंडिंग. बोट दोन सुरांच्या मध्ये पडलं तर अ‍ॅप तुम्हाला जवळच्या सुरावर ओढून नेतं, आणि किती जोरात, किती पटकन ओढायचं ते तुम्ही ठरवायचं. पूर्ण बंद केलं तर व्हायोलिनसारखं, बेसूर झालात तर जबाबदारी तुमची. पूर्ण चालू केलं तर पेटी. मजा मधल्या जागेत आहे. दरबारीचा कोमल गंधार घेऊन बघा, राउंडिंग जोरात असताना बोट हलवलं तर सूर झुलण्याऐवजी पायऱ्या चढल्यासारखा उडी मारतो आणि फार वाईट वाटतं ऐकायला. मग ते सावकाश करत आणलं, इतकं की बोट थांबल्यावरच अ‍ॅप सुराकडे न्यायला लागेल, आणि गंधाराच्या किंचित खाली बोट ठेवून रिषभाच्या बाजूला हळू ढकललं, परत आणलं, परत ढकललं. झुलला! तानपुरा मागे चालू होता, आंदोलन अगदी आपल्याला हवं तसं संथ, जड. हेच मी कीबोर्डच्या चाकावर वर्षानुवर्षं करू बघत होते. गाणाऱ्या माणसाच्या गळ्यापुढे ते काही नाही हे मान्यच, पण पट्टीच्या वाद्यावर वाढलेल्या माणसाला स्वतःच्या बोटाखाली आंदोलन सापडणं याचं मोल मला तरी फार वाटतं.

आणि हे काही माझ्या एकटीचं वेड नाही, कर्नाटक संगीत वाजवणारे महेश राघवन आयपॅडवर जिओश्रेडच वाजवतात, गमकं ऐका त्यांची, मग अ‍ॅप किती दूर जाऊ शकतं ते कळेल. आत पैसे भरून व्हायोलिन, बासरी वगैरे वाद्यांची मॉडेलंही घेता येतात. माझी एक तक्रार, पडद्यावर बटणं फार आहेत आणि ती लहान आहेत, मोठी मींड घेताना हाताचा तळवा भलत्याच स्लायडरला लागतो आणि भर गाण्यात आवाज बदलतो. कार्यक्रमाला जायच्या आधी नको असलेले कंट्रोल लपवून मगच जा.

फुकटातलं सगळ्यात चांगलं विचाराल तर ऑडिओकिट सिंथ वन, यात मला काही शंका नाही. २०१८ मध्ये आलं, ओपन सोर्स (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, जाहिराती नाहीत, आवाज ऐंशीच्या दशकातल्या अ‍ॅनालॉग सिंथसारखे गोड, पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) आणि स्ट्रिंग्ज तर भावगीताच्या मागे लावायला एकदम योग्य. पण मी ते डिलीट न करण्याचं कारण वेगळं आहे. त्यात ट्यूनिंगचं एक पॅनेल आहे, ते उघडून यादी खाली सरकवत गेलं की उत्तर हिंदुस्थानी थाटांची नावं दिसायला लागतात, कल्याण, बिलावल, खमाज, काफी, भैरवी, आणि ते बारा समान सुरांमधून निवडलेले नाहीत तर वेगळ्या श्रुत्यांवर, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागांवर, लावलेले आहेत. कुणीतरी बसून हे केलंय आणि फुकट वाटलंय, मनापासून आभार. कल्याण लावून तानपुऱ्याबरोबर गंधार धरला तर तो वर सांगितलेला १४ सेंटचा खडा निघून गेल्यासारखा वाटतो, सूर तानपुऱ्यात बसतो. अडचण एकच, सात सुरांची ट्यूनिंग घेतली की सप्तक सात पट्ट्यांत संपतं, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा अर्थच बदलतो, सवयीने वाजवायला जाल तर भलतंच वाजेल. मी ते वाजवायला नाही, लांब सूर भरायला वापरते, आणि मुलांच्या कानाला शुद्ध गंधार दाखवायला.

ऑर्गनवाल्यांसाठी एक. संगीत नाटकातल्या ऑर्गनचा तो भरलेला आवाज हवा असेल तर केक्यू डिक्सी घ्या, १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ची नक्कल आहे, सहा ऑपरेटर (सूर निर्माण करणारे भाग) आणि ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या रचना). त्यातला शेवटचा, ३२ नंबरचा अल्गोरिदम असा की सहाही ऑपरेटर एकमेकांना न छेडता सरळ बाहेर ऐकू येतात, म्हणजे मूळ सूर, दुप्पट, तिप्पट, चौपट असे एकावर एक रचत जायचं, वरचे हळूहळू कमी करत. सहाव्याला थोडा फीडबॅक दिला, म्हणजे त्याचाच आवाज त्यालाच परत दिला, की रीडचा तो किंचित खरखरीतपणा येतो. नांदी वाजवून बघितली, अंगावर आलं. डीएक्स७ च्या जुन्या आवाजांच्या फायलीही यात थेट उघडतात. मींड यात नाही, पण ऑर्गनला ती कुठे असते.

कोर्ग कंपनीच्या अ‍ॅप्सबद्दल थोडक्यात. आयएमएस-२० हे २०१० चं, म्हणजे आयपॅडवरच्या अगदी सुरुवातीच्या गंभीर सिंथांपैकी, आणि मूळ यंत्रातल्या वायरी बोटाने ओढून जोडायला मजा येते, शिकायला छान. आयएम१ मध्ये १९८८ च्या कोर्ग एम१ कीबोर्डचा पियानो आणि ते चमचमते पॅड जसेच्या तसे आहेत, ऑर्केस्ट्रात जुनी गाणी वाजवणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावं. गॅजेट हे पूर्ण गाणं रचण्यासाठी आहे, चांगलं आहे, पण माझ्या कामाचं नाही. कोर्गची अ‍ॅप्स वर्षातून काही वेळा सेलमध्ये बरीच स्वस्त होतात, तेव्हाच घ्या.

आता जे कुठलंही अ‍ॅप घेतलं तरी लागणारच आहे ते. ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर लावून सिंथ वाजवू नका, बोट ठेवल्यावर आवाज यायला इतका उशीर होतो की लय धरता येत नाही, आणि लोक मग अ‍ॅपला शिव्या देतात. वायरच लावा. अ‍ॅपमध्ये किंवा एयूएमसारख्या, अनेक अ‍ॅपचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये बफर साइज असते (आवाज केवढ्या तुकड्यांनी पुढे पाठवायचा ते, तुकडा लहान तर उशीर कमी), ४८ किलोहर्ट्झला २५६ ठेवली तर साधारण पाच मिलिसेकंद, १२८ ला त्याच्या निम्मं, जुन्या आयपॅडवर १२८ ला आवाज फुटायला लागला तर २५६ वर समाधान माना, फरक फारसा जाणवत नाही. एयूएम मात्र घ्याच, दोन-तीन सिंथ त्यात एकत्र उघडता येतात, खाली सिंथ वनचा पॅड आणि वर डिक्सीचा ऑर्गन असं. आणि सेकंडहँड आयपॅड बघत असाल तर २०२१ चा नववी जनरेशनचा साधा आयपॅड बघा, त्याला हेडफोनचं भोक आहे, पुढच्या वर्षीच्या मॉडेलपासून ते गेलं आणि मग अडॅप्टर आला, हब आला, कार्यक्रमाच्या वेळी सैल होणारी आणखी एक जोडणी आली.

अँड्रॉइडवाल्यांना मात्र खरं सांगायला हवं, वरची यादी जवळजवळ सगळी आयपॅडचीच आहे. अँड्रॉइडवर एफएल स्टुडिओ मोबाइल आहे, कॉस्टिक ३ आहे, गाणं रचायला दोन्ही उत्तम. आवाजाचा उशीर २०१७ मध्ये एऑडिओ ही अँड्रॉइडची आवाजाची नवी व्यवस्था आल्यापासून कमी झालाय पण तो टॅबलेटप्रमाणे बदलतो, त्यामुळे दुकानात जाऊन एखादं फुकटचं अ‍ॅप उतरवून, पटपट दोन बोटांनी तिरकिट वाजवून बघा आणि आवाज बोटाबरोबर येत असेल तरच तो टॅबलेट घ्या. जिओश्रेडसारखं मोकळ्या तारेचं वाद्य मला तिकडे अजून मिळालेलं नाही, कुणी वापरत असेल तर नाव जरूर सांगा, माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांकडे अँड्रॉइडच आहे.