टेम्परेचर कंट्रोलर आठ महिने वापरून: एका बादलीतली बिअर आंबायची, दुसरीतली अडायची

घरी बिअर बनवताना तापमान सांभाळणारा हा कंट्रोलर वापरून आठ महिन्यांत अकरा बॅच झाल्या, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

घ्यायचं कारण असं: बादली अडते ती तापमानामुळे, असं मला वाटलं. एकाच पातेल्यातलं वॉर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) दोन बादल्यांत निम्मं निम्मं ओतलं, यीस्टही तेच टाकलं. भिंतीकडची बादली आठवड्यात १.०५० घनतेवरून १.०१२ वर आली (साखर आंबते तशी घनता उतरते), खिडकीखालची १.०२२ वर अडून बसली. एअरलॉकमधले (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे दोन्हीकडे थांबलेले, म्हणून मी दोन्ही तयार समजून बाटल्या भरणार होतो. नशीब, आधी घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. इतकी साखर उरलेली बिअर बाटलीत भरली असती तर बाटल्या फुटल्या असत्या. बुडबुड्यांवर अजिबात विसंबू नका. झाकण जरा सैल असलं तरी गॅस दुसरीकडून निघून जातो.

कंट्रोलर साधाच आहे: दोन सॉकेट, एकाला जुना फ्रिज, दुसऱ्याला हीटिंग बेल्ट (बादलीला ऊब देणारा पट्टा). पहिल्या दोन बॅचमध्ये त्याचा प्रोब (वायरच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग) मी फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला, आणि तिथेच फसलो. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. स्क्रीनवर १९ अंश, प्रत्यक्ष बिअरमध्ये २३! त्या बॅचला थिनरसारखा उग्र वास आला. आता प्रोब बादलीच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीखाली चिकटवतो आणि वरून फोमचा जाड तुकडा बांधतो. तेव्हापासून फरक अर्ध्या अंशाच्या आसपास राहतो. प्रोब बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का तेही तपासा, माझा ०.६ जास्त दाखवत होता, सेटिंगमध्ये दुरुस्त झाला.

तरीही चौथ्या बॅचला एक बादली मागे पडलीच. तेव्हा कळलं की सगळा दोष तापमानाचा नव्हता. कोरडं यीस्ट मी अंदाजानं वाटत होतो आणि एका बादलीत वॉर्ट उंचावरून, दुसरीत नळीनं हळूच सोडत होतो. नळीच्या बादलीला ऑक्सिजन कमी मिळायचा, त्यात यीस्टही कमी पडलं असेल तर ते वाढणार कसं? आता वजनकाट्यावर मोजून वाटतो, दोन्ही बादल्या सारख्याच घुसळतो, तेही यीस्ट टाकण्याआधी. आंबणं सुरू झाल्यावर हवा घातली तर बिअरची चव बिघडते. पुढच्या सातही बॅचमध्ये दोन्ही बादल्यांचं अंतिम माप दोन पॉइंटच्या (म्हणजे ०.००२ च्या) आत आलं.

अडलेल्या बादलीसाठी मला एकच उपाय लागू पडला: बेल्टनं २१ अंशांपर्यंत ऊब द्यायची आणि झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवायचं. खिडकीखालची ती बादली चार दिवसांत १.०१४ वर आली.

तक्रारी दोनच. प्रोबची वायर आखूड आहे, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीचं थांबणं कारखान्यातून एक मिनिटावर ठेवलेलं असतं. ते मी पाच मिनिटांवर नेलं. जुन्या फ्रिजला एवढी उसंत हवीच.