पाम्बेले आधी बघावा की वाल्देस?

कोलंबियाचं जुनं बॉक्सिंग बघायला घेतलं की दोन नावांपाशी गाडी अडते. एक आंतोनियो सेर्व्हांतेस, म्हणजे ‘किड पाम्बेले’. दुसरा रोद्रिगो वाल्देस. दोघे कॅरिबियन किनाऱ्याकडचे, वयात जेमतेम वर्षाचं अंतर, वजनी गट मात्र वेगळे. हाताशी मोजकेच शनिवार-रविवार असतील तर आधी कोणाच्या लढती बघाव्या, एवढाच प्रश्न आहे.

कागदावर पाम्बेले सरळ पुढे आहे. पळालेल्या गुलामांनी वसवलेल्या पालेंके गावचा हा माणूस १९७२ मध्ये पनामा सिटीत, तिथल्याच फ्रेझरला दहाव्या फेरीत आडवा करून कोलंबियाचा पहिला विश्वविजेता झाला. आदल्या वर्षी ब्वेनोस आयरेसला ज्या लोचेने त्याला गुणांवर हरवलं होतं, त्याच्याशी १९७३ मध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा लोचेच्या कोपऱ्यातल्या त्याच्या माणसांनीच लढत सोडून दिली. पाम्बेलेचा डावा हात लांब आणि शांत. समोरच्याला तो अंतरावर ठेवतो, उजवा बाहेर काढायची घाई करत नाही. शिकायला बसलात तर याच्यासारखा मास्तर नाही. पण खरं सांगायचं तर रात्री जेवण झाल्यावर लावलेल्या त्याच्या लढतीत सातव्या-आठव्या फेरीला माझा डोळा लागतो. तुमचं तसं होणार नाही कदाचित.

तरी झोप हे काही कारण नाही. मला खटकतं ते बेनितेस प्रकरण. ६ मार्च १९७६, सान हुआन. समोर अवघ्या १७ वर्षांचा विल्फ्रेड बेनितेस. १५ फेऱ्या झाल्या आणि पंचांच्या विभागलेल्या निकालाने पाम्बेलेचा किताब गेला. आता प्रेक्षक म्हणून आपल्याला काय हवं? पुन्हा हेच दोघे. तेच झालं नाही! बेनितेसने परतीची लढत दिली नाही, डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेने त्याचा किताब काढून घेतला आणि १९७७ मध्ये माराकाइबोला पाम्बेलेने तो मिळवला, पण दुसऱ्याच माणसाला हरवून. यात पाम्बेलेचा काडीचाही दोष नाही. पण लढती क्रमाने बघत आलं की नेमक्या इथे घास अडकतो, आणि पुढचे त्याचे विजय मला तितकेसे गोड लागत नाहीत.

वाल्देसकडे असं लटकलेलं काही नाही. तो हरला, पण समोरासमोर हरला. १९७४ मध्ये मॉन्टे कार्लोला बेनी ब्रिस्कोला सातव्या फेरीत थांबवून त्याने डब्ल्यूबीसी या दुसऱ्या जागतिक संघटनेचा मिडलवेट किताब घेतला. हा ब्रिस्को कुणाकडून वेळेआधी थांबणाऱ्यातला नव्हता. मग आला त्याच गटातला डब्ल्यूबीएचा विजेता, कार्लोस मोन्सोन. १९७६ च्या लढतीआधी काही दिवसच वाल्देसच्या भावाचा खून झाला होता; तरी तो उभा राहिला, चौदाव्या फेरीत खाली गेला, उठला, गुणांवर हरला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच दोघे, तेच मॉन्टे कार्लो. दुसऱ्या फेरीत वाल्देसचा उजवा बसतो आणि मोन्सोन चक्क खाली! हा तुकडा मी मागे नेऊन नेऊन बघतो. निकाल अर्थात मोन्सोनचाच, त्यावर माझी तक्रार नाही. तो निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी वाल्देसने ब्रिस्कोला पुन्हा हरवून निर्विवाद, म्हणजे दोन्ही संघटनांचं, विजेतेपद मिळवलं.

मोठा कोण, असं विचाराल तर बहुतेक जाणकार पाम्बेलेचं नाव घेतील, आणि मी वाद घालणार नाही. बचाव आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) शिकायचा असेल तर त्याची १९७५ ची एस्तेबान दे हेसूसविरुद्धची लढत आधी लावा. नाहीतर माझ्या मते मोन्सोन-वाल्देस दुसरी लढत, मग पहिली, मग १९७४ चा ब्रिस्को. १९७८ च्या ह्युगो कोरोविरुद्धच्या दोन लढती सोडल्यात तरी चालेल.