हर्नियाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीने ‘दुसरी बाजू’ पाहणं: घ्यावी का ही सोय?

मुलाच्या एका जांघेत हर्निया निघाला की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची बाजू मांडताना एक मुद्दा येतोच: दुसरी जांघही त्याच वेळी पाहून होते. आमचं मत आधीच सांगतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीनेच होणार असेल तर ही सोय आपसूक मिळते, ती घ्या. पण तेवढ्यासाठी साधी, दोनेक सेंटीमीटर छेदाची शस्त्रक्रिया नाकारावी इतकं तिचं मोल नाही. पाचपैकी तीन तारे.

मुलांचा हर्निया स्नायू कमकुवत होऊन होत नाही. पोटातून जांघेत उतरणारी पिशवीसारखी वाट जन्माच्या आसपास बुजायला हवी, ती उघडी राहते आणि त्यातून आतडं खाली येतं. म्हणून मोठ्यांसारखी स्नायूंना आधार देणारी जाळी इथे लागत नाही; पिशवी मुळाशी बांधली की काम झालं. अशीच वाट दुसऱ्या बाजूलाही उघडी असू शकते, आणि खरी गोम तिथेच आहे. दुर्बिणीतून पाहिलं तर साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांत ती उघडी दिसते, तान्ह्या बाळांत त्याहून जास्त. पण एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या १०० मुलांपैकी पुढे दुसऱ्या बाजूला हर्निया होतो तो सुमारे ७ जणांना. पहिला हर्निया डावा असेल तर १० ते ११ जणांना. उघडी वाट म्हणजे हर्निया नव्हे. दिसली की बांधायचीच असं धोरण ठेवलं तर बहुतेक मुलांच्या वाटा विनाकारण बांधल्या जातात, आणि मुलग्यांत तिथूनच वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या नाजूक रक्तवाहिन्या जातात. धोका थोडा, पण तो निरोगी बाजूला.

उलट बाजूही खरी आहे. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, भूल देणं जोखमीचं असेल किंवा पहिला हर्निया डावा असेल, तर दुसरी भूल टाळण्याला वजन येतं. तेव्हा आधीच विचारा: उघडी दिसली तर बांधणार की नुसती नोंद ठेवणार? संमतीपत्रावर दोन्ही बाजूंचा उल्लेख आहे का? साध्या शस्त्रक्रियेतही हर्नियाच्या पिशवीतून बारीक तिरकी दुर्बीण घालून पलीकडे डोकावता येतं. मात्र पिशवी पातळ असून फाटली तर ते जमत नाही. आणि वाट बंद दिसली तरी शंभर टक्के हमी नाही.

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालशल्यचिकित्सा विभाग आहे. दीनदयाळ योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं) कार्ड वापरणार असाल (तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असल्यास चार लाख), तर दुसरी बाजू बांधल्यास ती त्याच खर्चात धरतात की वेगळी, हे आधी विचारून घ्या. उपाशी ठेवण्यात घोळ होतो तो पेजेमुळे. पेज म्हणजे पाणी नव्हे. ती घट्ट अन्नात मोडते, ६ तास आधी बंद. वरचं दूधही तसंच. अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या बाळाचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून त्याला रात्रभर इस्पितळात ठेवतात. त्याच संध्याकाळी घरी नेण्याची घाई करू नये.

‘चवथ होऊन जाऊ दे’ म्हणत तारीख पुढे ढकलणं मोठ्या मुलात एकवेळ चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळात आतडं अडकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

घरी आल्यावर पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम, ६ तासांच्या अंतराने, दिवसात चारच वेळा. पहिले काही दिवस अंडकोश सुजलेला दिसतो, तो हर्निया परतलेला नसतो. पुढे दुसऱ्या बाजूला फुगवटा आला तर तो शस्त्रक्रिया बिघडल्याचा पुरावाही नसतो; ती वेगळी वाट. असे बहुतेक हर्निया पहिल्या काही वर्षांत दिसतात. आंघोळीला किंवा रडताना जांघ पाहा आणि दिसला की मोबाइलवर फोटो काढा, कारण डॉक्टरांसमोर तो अनेकदा आत गेलेला असतो. फुगवटा कडक, दुखरा, आत न जाणारा आणि बाळ ओकतंय, तर काहीही न पाजता १०८ बोलवा. काणकोणहून बांबोळी लांब आहे, सकाळची वाट पाहू नका.