टोकियोत जोडीनं फिरायला सुइका कार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुइका म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं आणि स्टेशनच्या गेटवर टेकवायचं कार्ड. नवरा-बायकोत मिळून एकच कार्ड पुरेल, हा हिशेब टोकियोत पहिल्याच गेटवर फसतो. आत जाताना कार्ड टेकवलं की स्टेशनची नोंद त्याच्या चिपवर होते आणि बाहेर पडेपर्यंत कार्ड ‘आत’ असतं. तेच मागच्याच्या हातात दिलं की गेटची झडप बंद. त्यामुळे दोघांना दोन कार्डं, प्रत्येकी 500 येन अनामत. शहराच्या तोएई बसमध्ये मात्र एका कार्डावर भागतं. पुढच्या दारानं चढल्यावर, कार्ड टेकवण्याआधी, ड्रायव्हरला ‘ओतोना फुतारी’, म्हणजे ‘दोन मोठे’, असं सांगायचं. आधी टेकवून मग सांगितलं तर उपयोग नाही, तोवर एकाचं भाडं कापलेलं असतं.

आठ महिन्यांत कार्डानं दगा असा दिला नाही. घोळ झाले ते वापरण्यात. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवून पाकीट टेकवलं तर यंत्राला दोन चिपा दिसतात आणि ते कुठलंच कार्ड घेत नाही. कार्ड नुसतं फिरवून पुढे गेलं तरी नोंद अर्धवट राहते, पूर्ण सेकंदभर टेकवावं लागतं. आत जातानाची नोंद नीट झाली नसेल तर ते कळतं थेट उतरल्यावर. अशा वेळी पुन्हा पुन्हा कार्ड आपटू नये. कडेच्या रुंद गेटपाशी कर्मचारी असतो, कुठून चढलो ते सांगितलं की तो मिनिटभरात नोंद दुरुस्त करून देतो. शिल्लक कमी पडली तर मात्र माणसाची गरज नाही, गेटच्या आतच फरक भरायचं यंत्र असतं.

जोडीनं फिरणाऱ्यांसाठी खरी मेख लॉकरमध्ये आहे. स्टेशनातल्या बऱ्याच लॉकरांना किल्ली नसते. ज्या कार्डानं पैसे भरले तेच कार्ड किल्ली. एकानं बॅगा ठेवल्या आणि दुसरा काढायला गेला, की दार उघडत नाही. दोन्ही कार्डं दिसायला सारखी, म्हणून पहिल्याच दिवशी एकावर स्टिकर लावावा आणि लॉकरच्या पावतीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असावा.

कार्डावर पैसे भरायला रोख जवळ लागतेच, कारण स्टेशनातली बहुतेक यंत्रं नोटाच घेतात. सेव्हन-इलेव्हन या दुकानांमधल्या एटीएममधूनही भरता येतात. कार्डावर जास्तीत जास्त 20,000 येन मावतात, पण माणशी दोन-तीन हजार भरत राहणं बरं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर सुइका चालत नाही, तेव्हा त्या खटपटीत वेळ घालवू नये.

आता कायम विचारला जाणारा प्रश्न : सुइका की 24 तासांचा टोकियो सबवे पास? 2025 मध्ये पास 800 येनचा होता. नेहमीचा पर्यटकांचा दिवस धरा : आसाकुसा ते उएनो 178, उएनो ते गिन्झा 178, गिन्झा ते शिबुया 209, शिबुया ते परत आसाकुसा 252. एकूण 817. म्हणजे चार फेऱ्यांत पासचा फायदा माणशी 17 येन! पाचवी फेरी असेल तरच पास घेण्यात अर्थ होता. तेव्हा 48 तासांचा 1,200 ला आणि 72 तासांचा 1,500 ला होता, म्हणजे दिवसाला 600 आणि 500 येन पडत. तिथे पास सरळ जिंकायचा. फक्त तो टोकियो मेट्रो कंपनीच्या 9 आणि शहराच्या तोएईच्या 4 भुयारी मार्गांवरच चालतो. यामानोते ही जेआर या रेल्वे कंपनीची गाडी आणि खाडीतल्या ओदाइबा बेटावर जाणारी युरिकामोमे गाडी त्यात येत नाहीत. युरिकामोमेला चालकच नसल्यानं सगळ्यात पुढच्या सीटवरून खाडी आणि पूल समोर दिसतात. त्या सीटसाठी ती सुटते त्या शिम्बाशी स्टेशनला एखादी गाडी सोडावी लागली तर खुशाल सोडा. या दोन्ही गाड्यांसाठी, पास खिशात असला तरी, सुइका लागतेच.

मेट्रोच्या काही स्टेशनांत गाडी बदलताना गेटबाहेर पडून रस्त्यानं चालावं लागतं, उदाहरणार्थ गिन्झा ते गिन्झा-इत्चोमे. सुइका असेल तर 60 मिनिटांत पुन्हा आत शिरल्यास प्रवास सलग धरला जातो, म्हणजे मधे चहा घेता येतो. मेट्रोतून तोएईत बदललं तर 70 येन सूट आपोआप मिळते. तोएईच्या ओएदो मार्गावर मात्र वेळ हाताशी ठेवा. रोप्पोंगी स्टेशनचा खालचा फलाट जमिनीखाली 42 मीटरवर आहे, सरकत्या जिन्यांतच पाच मिनिटं जातात.

टोकियोतल्या निशी-कासाई भागात बरेच भारतीय राहतात, आपली मराठी मंडळीही. तिथे ओळखीच्यांकडे उतरला असाल तर तोझाई मार्गावर सकाळी साडेसात ते नऊ शहराकडे जाऊ नका. सकाळची विरार लोकल आठवेल, फक्त इथे आवाज नसतो. फलाटावर गुलाबी खुणा दिसल्या तर गर्दीच्या वेळी तो डबा बायकांचा. अशा वेळी जोडीनं पुढच्या डब्याकडे सरकावं.

कार्ड परत करताना शिल्लक असेल तर तिच्यातून 220 येन कापले जातात. शिल्लक शून्य असेल तर 500 ची अनामत पुरी हातात येते. म्हणून शेवटच्या दिवशी दुकानात कार्ड रिकामं करावं, कमी पडलेले पैसे बहुतेक ठिकाणी रोखीनं देता येतात. कार्ड ओसाका-क्योतोतही गेटवर चालतं, पण परत घेतात ते फक्त जेआर ईस्टच्या, म्हणजे सुइका देणाऱ्या रेल्वे कंपनीच्या, हद्दीत. ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतणाऱ्यांनी टोकियो सोडण्यापूर्वीच हे उरकावं, नाहीतर कार्ड घरी आणावं. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते जिवंत असतं.