तारीख बदलायची आहे: फोनवर ठरवावं की अ‍ॅपमधून?

सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्याला नवं बुकिंग मिळवण्यापेक्षा मिळालेलं हलवणं जास्त दमवतं, असं माझं मत होत चाललंय. "एक दिवस पुढे ढकलता येईल का?", "चार नाही, सहा जण येतोय", "शेवटची रात्र काढून टाका ना". असं विचारणारा काही गैर करत नसतो. माणसांचे बेत बदलतात. प्रश्न एवढाच, की हा बदल नोंदवायचा कुठे? फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर हो म्हणून मोकळं व्हायचं, ज्या साइटवरून बुकिंग आलं तिथेच बदलाची रिक्वेस्ट घालायची, की जुनं रद्द करून नवं करायचं? मी तिन्ही करून पाहिलंय.

तिसऱ्याचं आधी उरकतो, कारण त्यावर फार विचार करावा असं मला वाटत नाही. सहल थेट पुढच्या हंगामात गेली असेल तर रद्द करून नवं बुकिंग हेच सुटसुटीत. पण ते रद्द पाहुण्याने करायचं, तेही फुकट रद्द करण्याची मुदत असेपर्यंत. भिडेखातर "थांबा, मीच रद्द करतो" म्हणालात तर महागात पडेल. एअरबीएनबी या बुकिंगच्या साइटवर होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, रद्द केलं, की साधारणपणे बुकिंगच्या रकमेचा काही भाग त्याच्याकडून कापला जातो: पाहुणा यायच्या ३० दिवसांहून आधी १० टक्के, त्यानंतर ४८ तास उरेपर्यंत २५ टक्के आणि अगदी शेवटी ५० टक्के. शिवाय त्या रात्री कॅलेंडरवर बंद राहू शकतात, म्हणजे त्याच पाहुण्याला त्यातली एखादी रात्र पुन्हा द्यायची म्हटलं तरी पंचाईत. आणि सुपरहोस्ट, म्हणजे साइटने चांगला ठरवलेला होस्ट, राहायचं तर रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत लागतं. वर्षाला पन्नास बुकिंगं घेणाऱ्याचं एकच रद्द म्हणजे २ टक्के झाले.

खरी निवड उरते ती फोन आणि अ‍ॅप यांत.

फोनची बाजू मी हलकी लेखणार नाही, सुरुवातीची काही वर्षं मी त्याच बाजूचा होतो. पाहुण्याचा आवाज ऐकला की घाई कुठे आहे आणि नुसती चौकशी कुठे, हे लगेच कळतं. दोन मिनिटांत विषय संपतो. "काळजी करू नका, होऊन जाईल" एवढं ऐकूनच माणूस निम्मा निवांत होतो, आणि असा माणूस पुन्हा येतो. शिवाय कित्येकदा बुकिंग भाच्याच्या नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या खात्यावरून झालेलं असतं. राहायला येणाऱ्याच्या हाती फक्त माझा नंबर असतो. त्याला "अ‍ॅपमधून करा" म्हटलं की तो आधी भाच्याला शोधणार, भाचा पासवर्ड शोधणार.

तरी मी फोन सोडला, आणि तो एका शब्दापायी. तो शब्द म्हणजे 'पर्यंत'.

एका कुटुंबाचं बुकिंग ११ ते १३ असं होतं, म्हणजे दोन रात्री. आल्याच्या संध्याकाळी गृहस्थांचा फोन आला, "छान आहे हो जागा, चौदापर्यंत राहावं म्हणतोय." मी कॅलेंडर पाहिलं. १४ ला दुपारी दोनला दुसरे पाहुणे येणार होते, त्याआधी हे निघतील असा हिशोब केला आणि म्हटलं, "राहा की." पैशांचा विषय निघाला तर ते म्हणाले, जाताना फरक देतो. तिथे आकडा बोलला गेला असता तरी उलगडा झाला असता.

१४ ला सकाळी अकराला साफसफाईच्या मावशी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा काखेत धरून दारात उभ्या राहिल्या. आत गृहस्थ टॉवेल गुंडाळून, दाढीचा फेस अर्ध्या गालावर. "अहो, चौदापर्यंत आहोत ना आम्ही!" मावशींनी फोन माझ्याकडे लावून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या लेखी चौदापर्यंत म्हणजे चौदाची रात्र धरून, निघणं पंधराला. माझ्या लेखी चौदाला चेक-आउट. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मुलांचे ओले कपडे पिशवीत कोंबून ते दीडला निघाले, मी वाढीव रात्रीचे पैसे घेतले नाहीत, आणि तरीही रिव्ह्यूत जे यायचं ते आलंच.

त्यानंतर मी कान देऊन ऐकू लागलो, तेव्हा कळलं की हे रोजचंच आहे. 'तीन दिवस' म्हणजे कुणाच्या दोन रात्री, कुणाच्या तीन. 'चौदाच्या रात्री दीडला पोचतो' म्हणणाऱ्याला खोली तेराच्या रात्रीपासून लागते, पण तिकिटावर चौदा छापलेलं असतं म्हणून तो चौदाच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी शब्द तेच राहतात, फक्त नंतर दाखवायला पुरावा होतो. भांडण जिंकायला तो बरा, भांडण टाळायला नाही.

अ‍ॅपच्या रिक्वेस्टमध्ये 'पर्यंत' लिहायला जागाच नसते. येण्याची तारीख, जाण्याची तारीख, आणि त्याखाली रात्री आणि रक्कम. त्या गृहस्थांनी १४ घातले असते तर समोर तीन रात्री दिसल्या असत्या, आणि माझ्याआधी त्यांनीच डोकं खाजवलं असतं. माणसांच्या आकड्याचंही तेच. दोन जण वाढले हे फोनवर ठरलं आणि नोंद जुनीच राहिली, तर उद्या काही मोडतोड झाल्यावर साइटकडे दाद मागताना कागदावर चारच माणसं असतात.

आता अ‍ॅपचं दुखणं. तारीख हलवली की साइट नव्या रात्रींना आजचे दर लावते, आणि सुट्ट्या जवळ आल्या असल्या तर पाहुणा तो आकडा पाहून हबकतो. त्याला वाटतं, मीच संधी साधली. यावर माझा उपाय असा, की पाहुण्याने फोन केला तरी रिक्वेस्ट मी माझ्या बाजूने पाठवतो. एअरबीएनबीवर होस्टला बदल सुचवताना रक्कमही बदलता येते. जुना दर घालतो, पाहुण्याला फक्त मान्य म्हणायचं असतं. भाच्याचीही तेवढीच एक टिचकी लागते. मात्र समोरच्याने मान्य करेपर्यंत जुनं बुकिंगच खरं, म्हणून संध्याकाळी एकदा आठवण करावी लागते.

दुसरं दुखणं दोन-तीन साइटवर घर लावणाऱ्यांचं. कॅलेंडरं आयकॅल लिंकने (एका साइटच्या तारखा दुसरीला कळवणाऱ्या लिंकने) जोडलेली असली तरी ती लगोलग ताजी होत नाहीत, कधी काही तास जातात. त्यामुळे रात्र वाढवत असाल तर आधी दुसऱ्या साइटवर ती हाताने बंद करा, मग इथे मान्य करा. फोनवर हो म्हणणाऱ्यालाही हे करावंच लागतं, फक्त तो हमखास विसरतो. निदान मी तरी विसरायचो.

ज्याचं एकच घर आहे, पाहुणे बहुतेक ओळखीचे आणि बुकिंग थेट वहीत, त्याला माझं सगळं पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे रिक्वेस्ट घालणार कुठे? पण अशा बुकिंगांनाही मी आता फोन ठेवल्यावर एक निरोप पाठवतो: झोपणार ११, १२, १३ या रात्री, निघणार १४ ला सकाळी अकराच्या आत, माणसं इतकी, फरक इतका. उत्तरात 'हो' आल्याशिवाय वहीत खाडाखोड करत नाही. पोचायची वेळ, जादा गादी, गाडी कुठे लावायची, हे मात्र अजून फोनवरच. त्यात रात्री मोजाव्या लागत नाहीत.

मावशींनाही आता मी तारीख सांगत नाही. त्याच विचारतात, "शेवटचं झोपणार कधी?"