जॉब गॅरंटीची फी म्हणून घेतलं, निघालं माझ्या नावावरचं कर्ज

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या) शेवटच्या वर्षाला असाल आणि 'एम्बेडेड' (यंत्रांत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग), 'व्हीएलएसआय' (चिपचं डिझाइन) किंवा 'ईव्ही'चा (इलेक्ट्रिक गाड्यांचा) जॉब गॅरंटी कोर्स कोणी गळ्यात मारत असेल, तर कुठलाही ओटीपी देण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. 'सोपे हप्ते' म्हणून ज्यावर सही घेतात, ते बहुतेक वेळा फीचे हप्ते नसतात. एका फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं ते कर्ज असतं, आणि त्याची रक्कम पहिल्याच आठवड्यात क्लासच्या खात्यात जमा झालेली असते. आमची सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी होती.

मी बार्शीची. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुण्यात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. शेवटच्या वर्षी प्लेसमेंट सुरू झाली आणि आमच्या शाखेची अडचण लक्षात आली. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या आयटीच्या. कोअरच्या, म्हणजे आमच्या शाखेचं काम असलेल्या, दोन-चार येतात, मोजकी मुलं घेतात, आणि मेंटेनन्स किंवा साइटवरच्या कामाला मुलींची नावं मागे ठेवतात. चार वर्षं मशिन्स, पॉवर सिस्टीम, स्विचगिअर शिकून शेवटी अ‍ॅप्टिट्यूडची पुस्तकं घेऊन बसायचं, हे मनाला पटत नव्हतं. क्लासवाल्यांना ही घालमेल पक्की ठाऊक असते. म्हणूनच ते सातव्या सेमिस्टरची सबमिशन आटोपता आटोपता येतात.

क्लासचा सेमिनार कॉलेजच्याच हॉलमध्ये होता. आमच्यासमोर क्लासच्या माणसाची ओळख एका प्राध्यापकांनी करून दिली, त्यामुळे संशय घ्यायचं कारण कोणालाच दिसलं नाही. स्लाइडवरची माहितीही खरी होती. २०२१मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, हे खरं. २०२४मध्ये गुजरातेत ढोलेरा इथल्या ९१,००० कोटींच्या चिप कारखान्याला मंजुरी मिळाली, हेही खरं. चाकणला वाहन उद्योग आहे आणि गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक्स वाढते आहे, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहतो. खोटं होतं ते या खऱ्या आकड्यांना जोडलेलं शेपूट: यातल्या नोकऱ्या आमच्या कोर्समधून मिळतात. चिप बनवणारा कारखाना आणि चिपचं डिझाइन करणारी कंपनी यांना लागणारी माणसंच वेगळी असतात. कारखान्याला प्रोसेस आणि उपकरणं सांभाळणारे इंजिनिअर हवेत, तर डिझाइनला व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) आणि व्हेरिफिकेशन (डिझाइन तपासणं) येणारे. एका स्लाइडवर दोन्ही मिसळून कोणी दाखवत असेल, तर एक तर त्याला हा विषय कळत नाही, नाही तर तो तुम्हाला बनवतोय.

मग 'निवड परीक्षा' झाली. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टरची टोकं, थोडी सी लँग्वेज. निकाल रात्रीच आला आणि ज्यांना विचारावं ते सगळे निवडले गेलेले. प्रत्येकाला स्कॉलरशिप. दीड लाखाची फी ९५ हजारांवर आली, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख १२ हजार १००. ऑफर 'फक्त उद्या संध्याकाळपर्यंत'. शनिवारी वडील बार्शीहून पहाटेच्या एसटीने आले.

पुढचं संभाषण मी जसंच्या तसं लिहिते, कारण याच वाक्यांनी दुसऱ्या घरांतही काम झालं आहे. वडिलांनी साधा प्रश्न विचारला, "नोकरीची गॅरंटी आहे म्हणता, तर नोकरी लागल्यावर पैसे घ्या ना?" वडील दुकानात तेच करतात. शेतकऱ्याची मोटार विहिरीवर चालू होऊन पाणी पडलं, की मग पैसे. समोरची काउन्सेलर हसून म्हणाली, "काका, आम्ही तेच तर म्हणतोय! आत्ता एक रुपया भरू नका. मुलगी शिकत राहील, तुम्ही महिन्याला थोडं थोडं द्या. नाही आवडलं तर थांबवा." हप्ता ९,३४२ रुपये, बारा महिने, व्याज शून्य. वडिलांना वाटलं, शिकवणी बंद पडली तर हप्ताही बंद करता येईल.

त्यानंतर फोन आमचा आणि बोटं त्यांची. 'अ‍ॅडमिशन फॉर्म' भरतोय म्हणत एका अ‍ॅपवर माझं पॅन, आधार, सेल्फी, आणि सहकर्जदार म्हणून वडिलांची कागदपत्रं चढवली गेली. 'सहकर्जदार' हा शब्द कोणी उच्चारला नाही, 'पालकांची माहिती' एवढंच सांगितलं. लागोपाठ ओटीपी आले. त्यातला एक कर्जकराराचा, एक बँकेतून दरमहा पैसे आपोआप वळते करण्याच्या परवानगीचा. करार इंग्रजीत, ईमेलवर, रात्री उशिरा आला.

आता या व्यवहाराची रचना पाहा. फायनान्स कंपनी क्लासला एकरकमी पैसे देते, त्यातून आपलं व्याज आधीच कापून. म्हणून आपल्याला ते 'शून्य टक्के' दिसतं. क्लासला पैसे मिळाले, फायनान्स कंपनीला हप्ते बांधून मिळाले. आपल्याला शिकवायचं राहिलं, आणि ते न शिकवल्याने त्या दोघांचंही काही अडत नाही. कायद्याच्या भाषेत आपण क्लासचे ग्राहक आणि फायनान्स कंपनीचे कर्जदार असे दोन वेगळ्या करारांत अडकतो. क्लास बुडाला तरी कर्ज उभंच.

शिकवणं कसं झालं? सुरुवातीला सी शिकवणारे सर खरोखर चांगले होते. पॉइंटर, बिट मास्किंग, व्होलाटाइल कशाला लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं, त्यांचं श्रेय त्यांना. पण ते लवकरच सोडून गेले. त्यांचा पगार थकला होता असं नंतर समजलं. मग आदल्या बॅचमधला, नोकरी न लागलेला एक मुलगा आम्हाला एआरएम प्रोसेसर शिकवायला उभा केला. वडिलांना दाखवलेला ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) काचेच्या कपाटातून बाहेर आलाच नाही. कॅन बसचा (गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं एकमेकांशी जोडणाऱ्या तारांचा) भाग स्लाइडवर उरकला. दोन नोड जोडून, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावून, प्रत्यक्ष वेव्हफॉर्म कोणी पाहिला नाही. व्हीएलएसआयच्या बॅचला 'इंडस्ट्रीचे लायसन्स्ड टूल्स' सांगितले होते. त्यांना ब्राउझरमध्ये ईडीए प्लेग्राउंड उघडून दिलं, जे घरी बसून कोणालाही फुकट वापरता येतं. प्रोजेक्ट सगळ्यांना एकच, कोडसकट.

गॅरंटीचं काय झालं, ते जास्त महत्त्वाचं आहे. जाहिरातीत 'गॅरंटी', तोंडी 'गॅरंटी', आणि करारात 'प्लेसमेंटसाठी साहाय्य'. त्या साहाय्यालाही अटी: दहावीपासून डिग्रीपर्यंत सलग ६० टक्के, एकही बॅकलॉग नको, हजेरी ९० टक्के, आणि क्लासने आणलेली पहिली ऑफर नाकारली तर जबाबदारी संपली. ही शेवटची अट सापळ्याची खरी खिट्टी. मला आलेली पहिली 'ऑफर' होती त्याच क्लासच्या दुसऱ्या शाखेत फोनवरून ॲडमिशन आणण्याची, महिना १० हजार आणि दोन वर्षांचा बाँड. मी नाही म्हटलं, आणि माझ्या नावापुढे 'उमेदवाराने ऑफर नाकारली' अशी नोंद झाली. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे फोटो पुढच्या सेमिनारच्या 'प्लेस्ड' स्लाइडवर लागले. स्लाइडवरचे चेहरे खोटे नसतात, पण त्यांना मिळालेली नोकरी कोणती ते तिथे लिहिलेलं नसतं.

काही मुलांना त्याहून वाईट गोष्ट सुचवली गेली: दीड वर्षाचा खोटा अनुभव, कुठल्यातरी नावापुरत्या कंपनीचं पत्र, आणखी काही हजार रुपये. याला कृपा करून कोणीही हात लावू नका. कंपन्या पीएफच्या यूएएनवरून (प्रत्येकाच्या कायमच्या पीएफ क्रमांकावरून) मागच्या नोकऱ्या पडताळतात. पगार स्लिप आणि फॉर्म १६ मागतात. खोटं पत्र पकडलं गेलं तर नोकरी जाते, शिवाय फसवणूक करणारे म्हणून तुमचंच नाव लागतं. क्लासवाला त्या वेळी फोन उचलत नाही.

एक दिवस शाखेचं शटर बंद दिसलं. 'बॅच ऑनलाइन मर्ज केली आहे' असा मेसेज आला, आणि रेकॉर्डेड व्हिडिओंची लिंक. वडिलांनी हप्ता थांबवायला सांगितलं, 'थांबवता येतो' असा शब्द मिळालेला होता म्हणून. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मला, वडिलांना, आणि एकदा तर दुकानाच्या पाटीवरच्या नंबरवर. गिऱ्हाइकांसमोर माझ्या वडिलांना 'डिफॉल्टर' हा शब्द ऐकावा लागला. आयुष्यात कोणाची उधारी न ठेवलेल्या माणसाला. यासाठी मी त्या क्लासला माफ करणार नाही.

इथे एक धोक्याची सूचना. रागाने खात्यात पैसे न ठेवणं हा उपाय नाही. आपोआप वळती होणारी रक्कम शिल्लक नसल्याने परत गेली, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा, २००७च्या कलम २५खाली, चेक न वटल्यासारखाच गुन्हा होऊ शकतो. सिबिल स्कोअरही (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) खराब होतो, आणि उद्या एम.टेक.साठी खरं शैक्षणिक कर्ज हवं असेल तर तीच नोंद आडवी येते. आधी लेखी तक्रार, मग पुढचं.

आम्ही काय केलं ते सांगते. बॅचमधल्या मुलांनी मिळून फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केले. सेवा बंद झाली आहे, शटरचे फोटो, मर्जचा मेसेज, काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप, सगळं जोडून. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. त्यांचा नंबर १४४४८. क्लासविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्यात खेटे घालावे लागत नाहीत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही. 'शिक्षणाला ग्राहक कायदा लागत नाही' असं क्लासच्या वकिलाने धमकावलं होतं. राष्ट्रीय आयोगाने २०२०मध्ये महाविद्यालयं आणि विद्यापीठं कायद्याबाहेर धरली, पण कोचिंग क्लास त्या सवलतीत बसत नाहीत हेही त्याच निकालात सांगितलं. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पोलिसांतही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे. आमच्या तक्रारीनंतर वसुलीचे फोन थांबले आणि दंडाची रक्कम मागे घेतली गेली. मुद्दलाचा निर्णय अजून आयोगापुढे आहे.

हे शिकायचंच असेल तर मार्ग आहेत, आणि ते तुमच्या सीनियर्सना विचारून खात्री करता येण्यासारखे आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचे एम्बेडेड आणि व्हीएलएसआयचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेश सी-कॅट परीक्षेने, सगळ्यांची 'निवड' तिथे होत नाही, आणि हीच त्याची खूण. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच. एलटीस्पाइस, कायकॅड, आयकॅरस व्हेरिलॉग ही सर्किट आणि चिप डिझाइनची सॉफ्टवेअर, सगळं फुकट. एक एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड काहीशे रुपयांत येतो आणि आमच्या त्या लॅबपेक्षा मी घरी त्यावर जास्त शिकले. पदवीनंतर शासनाच्या नॅट्स पोर्टलवरून वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. तिथे फी भरायची नसते, उलट दरमहा स्टायपेंड मिळतो.

खासगी क्लास सगळेच वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण जाल तर फी थेट क्लासच्या खात्यात, महिन्याच्या महिन्याला, जीएसटीच्या पावतीवर भरायला मागा. जो क्लास याला नाही म्हणतो आणि अ‍ॅपवरच बोट ठेवतो, त्याला तुमच्या शिकण्यात रस नाही. 'गॅरंटी' हा शब्द लेखी मागा, पगाराच्या किमान आकड्यासकट आणि पैसे परत करण्याच्या तारखेसकट. मागच्या बॅचच्या मुलांचे नंबर क्लासकडून घेऊ नका, लिंक्डइनवर स्वतः शोधा.

आणि ज्यांनी या आठवड्यात सही केली आहे, त्यांनी आजच ईमेल उघडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) शोधा. अ‍ॅपवरून दिलेल्या कर्जाला कुलिंग-ऑफची मुदत द्यावीच लागते आणि ती त्या कागदावर लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रक्कम अजून क्लासकडे गेली नसेल, तर कर्ज नको असं फायनान्स कंपनीला लेखी कळवा. क्लासला फोन करून चालणार नाही, ते 'बघतो' म्हणत मुदत घालवतात. ईमेलची प्रत आई-वडिलांनाही पाठवा, कारण त्या करारावर बहुतेक त्यांचंही नाव आहे.